सोल्डरिंग आयर्नची नकली बिट: या चुका टाळा

सोल्डर (सांधा जोडणारा, वितळणारा कथलाचा मिश्रधातू) बिटला, म्हणजे आयर्नच्या पुढे बसवलेल्या, बदलता येणाऱ्या तापत्या टोकाला, धरत नाही, गोळी होऊन खाली पडते, टोक दोन दिवसांत काळे पडते आणि तापमान वाढवूनही जाड पॅडवरचा (बोर्डावर सुटा भाग जोडायच्या तांब्याच्या जागेवरचा) सांधा वितळत नाही. दुरुस्तीचे काम नव्याने शिकणाऱ्या मुलांच्या या तक्रारी ऐकल्या की दोष त्यांच्या हाताला दिला जातो, नाहीतर स्टेशनला, म्हणजे आयर्नचे तापमान ठरवणाऱ्या यंत्राला. बिट मात्र संशयाबाहेर राहते, कारण तिच्यावर नामांकित कंपनीचे नाव कोरलेले असते आणि ती दिसायला चकचकीत असते. इंदुरात जेल रोडच्या दुकानातून घेतलेली असो वा ऑनलाइन मागवलेली, नाव आणि चकाकी पाहून बिट निवडणे ही पहिली चूक आहे.

चांगल्या बिटचा गाभा तांब्याचा असतो, कारण तांबे लोखंडाच्या साधारण पाचपट उष्णता वाहून नेते. परंतु वितळलेल्या कथिलात तांबे हळूहळू विरघळते, म्हणून त्यावर लोखंडाचा मुलामा चढवलेला असतो, आणि टोक सोडून उरलेल्या भागावर क्रोमियमचा थर असतो, ज्याला सोल्डर चिकटत नाही. एक मिलिमीटरही जाड नसलेल्या त्या लोखंडी थरावर बिटचे सारे आयुष्य अवलंबून असते. नकली मालात नेमकी येथेच काटकसर होते: थर अतिशय पातळ किंवा सच्छिद्र असतो, नाहीतर गाभ्यासाठी तांब्याऐवजी उष्णता कमी वाहणारा स्वस्त धातू वापरलेला असतो. लोहचुंबक लावून खरेखोटे ठरवण्याची पद्धत फसवी आहे, कारण मुलाम्यातल्या लोखंडामुळे अस्सल बिटही चुंबकाला चिकटते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे काम होत नाही म्हणून तापमान वाढवत जाणे. ९००-एम प्रकारच्या बिटांमध्ये हे का घडते ते नीट समजून घेतले पाहिजे. या पद्धतीत हीटर आणि तापमान मोजणारा सेन्सर दोन्ही हँडलमधल्या कांडीत असतात व पोकळ बिट त्या कांडीवर चढवली जाते. बिटचे भोक किंचित मोठे असले, किंवा कांडी आत टोकापर्यंत पोहोचत नसली, की दोहोंमध्ये हवेची फट राहते आणि हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. सेन्सरला केवळ कांडीचे तापमान कळते, त्यामुळे पडद्यावर ३५० अंश दिसतात, पण टोक त्याहून बरेच थंड असते. कारागीर आकडा ४२० वर नेतो, लहान सांधे कसेबसे होऊ लागतात, परंतु मोठ्या ग्राउंड पॅडला टेकताच टोक पुन्हा थंडावते; मग बिट दाबून धरली जाते आणि शेवटी पॅडच बोर्डावरून उचकटतो. ४०० अंशांच्या वर टोकाचे गंजणेही झपाट्याने होते, म्हणजे आधीच दुबळी असलेली बिट आणखी लवकर संपते.

याची तपासणी घरच्या घरी होते. ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेली सोल्डरची तार बरोबर १८३ अंशांना वितळते. स्टेशन १८० वर ठेवून काही मिनिटे थांबावे, टोकाला तार टेकवावी आणि ती वितळेपर्यंत आकडा पाच-पाच अंशांनी, प्रत्येक वेळी थोडे थांबून, वाढवावा. तार १९० च्या आसपास वितळली तर काळजी नाही. त्यासाठी २२० किंवा २३० लागत असतील, तर कांडी व बिट यांचा मेळ बसत नाही किंवा स्टेशनचे मापन चुकलेले आहे. खात्रीची दुसरी बिट लावून हीच चाचणी केली की दोष कोणाचा ते कळते.

टी-१२ प्रकारात गोष्ट वेगळी आहे. तेथे हीटर, थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) आणि टोक एकाच कांडीत असतात, थर्मोकपल हीटरशी एकसर जोडलेले असते, आणि म्हणून कांडी बदलली की सेन्सरही बदलतो. नकली कांडीत हे थर्मोकपल निराळे असले तर पडद्यावरचा आकडा दोन्ही दिशांनी खोटा ठरू शकतो. थंड कांडीचा रोध मल्टिमीटरवर साधारण ८ ओहम यावा. २४ व्होल्टवर तिची सुमारे ७० वॅट शक्ती त्यातूनच येते. रोध बरोबर आला म्हणून कांडी अस्सल ठरत नाही, पण तो फार वेगळा आला तर ती स्टेशनला जोडूच नये.

काळी बिट कानस किंवा पॉलिश पेपरने घासणे ही जुन्या, उघड्या तांब्याच्या बिटांच्या काळातली सवय आहे. मुलाम्याच्या बिटवर ती घातक ठरते, कारण लोखंड एकदा खरवडले गेले की कथील आतले तांबे खाऊ लागते, टोकाला खड्डा पडतो आणि मग कोणताही उपाय चालत नाही. पितळी तारेच्या चोथ्यात बिट फिरवावी आणि लगेच ताजे सोल्डर लावावे. कल्हईवाले वापरतात तो नवसागर काळेपणा काढतो खरा, पण तो धातूला खातो व त्याचा धूर त्रासदायक असतो, म्हणून तो रोजच्या वापरात नको. डबीत मिळणारी आम्लयुक्त पेस्टही टाळावी; राळेचा फ्लक्स (धातू स्वच्छ करून सोल्डर धरू देणारा पदार्थ) असलेली तार पुरेशी आहे.

प्रत्येक काळी पडलेली बिट नकली नसते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नवी बिट एकदम ३५० अंशांवर कोरडी तापवली, किंवा काम संपल्यावर टोक पुसून कोरडेच स्टँडमध्ये ठेवले, तर अस्सल बिटही लवकर खराब होते. पहिल्यांदा तापवताना टोकाभोवती सोल्डरची तार गुंडाळावी आणि २५० अंशांपासून सुरुवात करावी.

दुसऱ्याचे नाव कोरलेल्या स्वस्त बिटपेक्षा स्वतःच्या नावाने विकली जाणारी साधी बिट मला अधिक भरवशाची वाटते, कारण निदान तिच्यामागे कोणीतरी उभा असतो. दहा बिटांचा संच घेऊ नये. त्यातल्या सुईसारख्या अणकुचीदार बिटा बहुधा पडूनच राहतात. दोन-अडीच मिलिमीटर रुंदीची, छिन्नीच्या आकाराची एकच बिट घ्यावी, तारेची चाचणी करावी, आठवडाभर वापरावी आणि टोक टिकले तरच त्याच दुकानातून त्याच मालातली आणखी घ्यावी.