ब्रिटनमधला कृष्णवर्णीयांचा घरांसाठीचा लढा: अभ्यास करताना या चुका टाळा

कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, भाड्याच्या घरांच्या वसाहतींमधल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीवर लिहायला घेतलं, की बहुतेक विद्यार्थी दंगलीपासून सुरुवात करतात: लंडनमधलं १९८१चं ब्रिक्स्टन, नाहीतर १९८५चं टॉटनहॅम. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

टॉटनहॅमची ब्रॉडवॉटर फार्म वसाहत घ्या. ५ ऑक्टोबर १९८५ला पोलीस घराची झडती घेत असताना सिंथिया जॅरेट कोसळून मरण पावल्या आणि दुसऱ्या दिवशी वसाहत पेटली. त्या रात्रीवर पोलिसांचे, न्यायालयांचे, वृत्तपत्रांचे कागद ढिगाने मिळतात. पण डॉली किफिन आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी १९८१मध्येच तिथे युवक संघटना उभी केली होती. म्हाताऱ्यांच्या जेवणाची सोय, तरुणांना जागा आणि काम, कौन्सिलशी रोजची भांडणं, हे सगळं दंगलीच्या आधीचं आहे. दंगलीपासून वाचत गेलात तर ही माणसं केवळ ‘समस्या’ म्हणून दिसतील, आणि तो त्यांच्यावर अन्याय आहे. म्हणून निदान पाच-सात वर्षं मागे जा. टॉटनहॅम ज्यात येतं त्या हॅरिंगे भागाचं जुनं दप्तर ब्रूस कॅसल संग्रहालयात आहे, तिथून सुरुवात करा.

शोधायचे शब्द अपुरे असले तर अर्धा इतिहास हाती लागत नाही. पन्नास-साठच्या दशकांतल्या फायलींमध्ये ‘कलर्ड’ किंवा ‘इमिग्रंट’ असं लिहिलेलं सापडतं. सत्तरच्या दशकात बरेच आशियाई कार्यकर्तेही स्वतःला ‘ब्लॅक’ म्हणवत, पण आजच्या सूचीत त्यांचे कागद वेगळ्या नावाखाली असू शकतात. पूर्व लंडनमध्ये रिकाम्या इमारतींत कुटुंबं वसवणारी बेंगाली हाऊसिंग अ‍ॅक्शन ग्रुप ही संघटना १९७६ची. तिच्या पाठीशी ‘रेस टुडे’ हे कृष्णवर्णीयांचं नियतकालिक होतं, आणि त्या नियतकालिकाच्या गटात कार्यकर्त्या माला सेन यांच्याबरोबर आपल्या पुण्यात जन्मलेले लेखक फारुख धोंडीही होते.

‘कृष्णवर्णीयांना घर नाही’ असा लेखी नियम कौन्सिलच्या दप्तरात शोधत बसू नका. नियम वरकरणी सगळ्यांना सारखेच असत. फरक पडायचा तो किती वर्षं त्या भागात राहिलात या अटीने आणि घरवाटप करणाऱ्याच्या मर्जीने. वांशिक भेदभावावर लक्ष ठेवणाऱ्या वंशसमता आयोगाने लंडनमधल्या हॅकनी कौन्सिलची चौकशी केली तेव्हा प्रत्यक्षात कोणाला कोणत्या दर्जाचं घर मिळालं, याची तुलना केली. १९८४च्या अहवालात भेदभाव सिद्ध झाला. तुम्हीही तेच करा: इमारत किती जुनी, मजला कितवा, बंगली की फ्लॅट. तक्रारी सापडल्या नाहीत म्हणून भेदभाव नव्हता, असा निष्कर्षही काढू नका. १९६५च्या वंशसंबंध कायद्यात घरवाटपातला भेदभाव येत नव्हता, तो १९६८च्या कायद्यात आला. त्याआधी तक्रार करायची कुठे?

केवळ भाडेकरू संघटनांचे कागद पाहिले तर स्त्रिया निसटतात. कृष्णवर्णीय कार्यकर्त्या ऑलिव्ह मॉरिस यांनी मैत्रिणीसोबत १९७३मध्ये ब्रिक्स्टनमधल्या १२१, रेल्टन रोड या रिकाम्या इमारतीचा ताबा घेतला. अशा घराची भाडेपावती असणार कशी? पत्रकं, फोटो आणि सोबतिणींच्या आठवणी हाच पुरावा. तो बराचसा ब्रिक्स्टन ज्यात येतं त्या लॅम्बेथच्या अभिलेखागारात जपलेला आहे. ब्रिक्स्टनमध्येच ब्लॅक कल्चरल आर्काइव्हज आहे, तिथेही जरूर जा.

एखाद्या संस्थेचे कागद सापडतच नसतील तर ती पुढे कोणात विलीन झाली ते पाहा. १९७७मध्ये स्थापन झालेली उजिमा ही कृष्णवर्णीयांनी चालवलेली गृहसंस्था २००८मध्ये बुडाली आणि लंडन अँड क्वाड्रंट या दुसऱ्या गृहसंस्थेकडे गेली. अशा वेळी विचारणा नव्या मालकाकडे करायची. भाडेकरूंची खासगी माहिती असलेल्या फायली बंद असतात, तेव्हा अर्ज प्रवासाच्या बऱ्याच आधी पाठवा.

मुलाखती मात्र शेवटी घ्या. सभांची इतिवृत्तं आधी वाचलेली असली तर त्या काळातल्या माणसांना नेमकं काय विचारायचं ते कळतं, आणि थकलेल्या माणसाला तेच ते सांगायला लावावं लागत नाही.