म्हशी भरल्या की पिकअप मागं बसते : पाट्यांचं (लीफ स्प्रिंगचं) काम

दोन मुऱ्हा म्हशी म्हणजे साधारण एक टन. वडगावच्या बाजारातून भरून निघालं की खड्ड्यात अ‍ॅक्सल रबरी स्टॉपरवर आपटायचा, स्टेअरिंग हलकं लागायचं. रिकाम्या गाडीत हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली: डावीकडं 18 मिमी कमी. दुसऱ्या पाट्याची कमानच गेलेली.

पाटे बदलायचे तर दोन्हीकडचे जोडीनं. चेसिस घोडीवर (स्टँडवर), अ‍ॅक्सलखाली वेगळा जॅक. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट सोडण्याआधी सी-क्लॅम्प आवळायचाच, नाहीतर पाटे उसळतात आणि बोटं जातात. बसवताना त्या बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या भोकात बसलंय का बघा. नसेल तर अ‍ॅक्सल तिरका राहतो, टायर खातो. पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच घ्या, समोरासमोर थोडे थोडे आवळा, 100 किलोमीटरनंतर पुन्हा. पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या शॅकलचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरल्यावरच फायनल. हवेत आवळले तर रबरी बुश पिळून फाटतो.

हमखास विसरतो तो लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा हा व्हॉल्व्ह दांडीनं अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. नव्या पाट्यांनी मागची उंची वाढली की त्याला गाडी रिकामी वाटते, मागचा ब्रेक कमी लागतो. हे गगनबावड्याचा घाट उतरताना कळू नये! दांडी मॅन्युअलप्रमाणे सेट करून घ्या.

जादा पाटा घालून आरसीवरचं वजन वाढत नाही. रिकामी गाडी तेवढी बैलगाडीसारखी उडते. त्यापेक्षा खाली रबरी मॅट आणि वर पाचट. म्हशी घसरून एका कोपऱ्यात रेटत नाहीत.