औषधाच्या पेटंटला हरकत कशी घ्यावी

क्षयावरच्या बेडाक्विलिनचं मूळ पेटंट भारतात जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. त्याच औषधाच्या फ्युमरेट क्षारावर, म्हणजे जरा वेगळ्या रासायनिक रूपावर, कंपनीला २०२७ पर्यंत हक्क हवा होता. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले, दोघीही क्षयातून बऱ्या झालेल्या, यांनी हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये कंपनीचा पेटंट अर्ज फेटाळला गेला. पेटंट कायद्याच्या कलम २५(१) खाली अशी हरकत रुग्ण, संस्था, कुणीही घेऊ शकतं.

खरी मेहनत अर्ज शोधण्यात आहे. शीर्षकात औषधाचं नाव सहसा नसतंच, रसायनाचं लांबलचक नाव असतं. म्हणून मेडिसिन्स पेटंट पूल या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मेड्सपाल डेटाबेसमधून आंतरराष्ट्रीय अर्ज क्रमांक घ्या आणि तो पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधा. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. त्यानंतर पेटंट मंजूर होईपर्यंत हरकत घेता येते, पण ६ महिन्यांच्या आत दिलेली बरी. पुढे मंजुरी कधी येईल सांगता येत नाही.

फॉर्म ७ए, निवेदन आणि पुरावे एकत्र द्या. सुनावणी हवी असेल तर ती मागणी निवेदनातच लिहा. पूर्वी हे फुकट होतं, २०२४ च्या नियमांपासून शुल्क लागतं. हरकत दखल घेण्याजोगी आहे का, हेही आता कंट्रोलर (पेटंट कार्यालयातले निर्णय देणारे अधिकारी) आधी तपासतात, त्यामुळे मोघम निवेदन तिथेच अडकतं.

‘औषध गरिबांना परवडत नाही’ हा मुद्दा इथे चालत नाही, कितीही खरा असला तरी. हरकतीची कारणं कायद्यात ठरलेली आहेत. अर्जात ज्या ज्या गोष्टीवर हक्क मागितलेला असतो त्याला दावा म्हणतात. तो नवा नाही हे दाखवायला प्रत्येक दाव्यासमोर जुना लेख किंवा जुनं पेटंट ठेवा. त्याची तारीख अर्जाच्या अग्रक्रम तारखेआधीची, म्हणजे त्या शोधासाठी पहिला अर्ज केला त्या तारखेआधीची हवी. नंतरचा लेख कितीही चांगला असला तरी उपयोगाचा नाही. क्षार, स्फटिकरूप अशा दाव्यांना कलम ३(ड) लावा: माहीत असलेल्या पदार्थाच्या नव्या रूपाची परिणामकारकता लक्षणीय वाढलेली नसेल तर त्याला पेटंट नाही. ग्लिव्हेक या कर्करोगावरच्या औषधाच्या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘परिणामकारकता’ म्हणजे रोग बरा करण्यातली परिणामकारकता, असा अर्थ लावला. पावडर जास्त टिकते, नीट ओतली जाते, हे त्यात बसत नाही.

किमतीचा मुद्दा राखून ठेवा. पेटंट मिळून ३ वर्षं झाली की कलम ८४ खाली औषध बनवू शकणारी कंपनी सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय ते बनवायची परवानगी, मागू शकते. २०१२ मध्ये नॅटको या भारतीय औषध कंपनीला तो मिळाला, तेव्हा सोराफेनिब या कर्करोगावरच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपयांवरून ९ हजारांच्या आत आला.