व्हॅम्पायर उन्हात चमकतो कसा? : किशोरांच्या पॅरानॉर्मल कादंबऱ्यांचं परीक्षण लिहिताना या चुका टाळा

बेला ही शाळकरी मुलगी आणि एडवर्ड हा उन्हात चमकणारा व्हॅम्पायर यांच्या प्रेमाची गोष्ट, म्हणजे स्टेफनी मेयर यांची ‘ट्वायलाइट’, 2005 साली आली, आणि तेव्हापासून एक आक्षेप पुन्हापुन्हा वाचायला मिळतो. व्हॅम्पायर उन्हात जळून खाक व्हायला हवा, हे चमकणं कुठून काढलं? आक्षेप घेणारा अगदी ठासून बोलतो, पण माहिती अर्धवट असते. ब्रॅम स्टोकर यांच्या 1897 सालच्या ‘ड्रॅक्युला’तला काउंट भरदिवसा लंडनच्या रस्त्यावर दिसतो. ऊन लागलं की व्हॅम्पायर नष्ट होतो, ही कल्पना रुळली ती 1922 सालच्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटापासून. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ नियम’ म्हणतो, तोही कुणीतरी नंतर बसवलेला आहे. मेयर यांनी तो बदलला, एवढ्यावरून पुस्तकाचे गुण कापता येत नाहीत.

पाहायचं ते हे, की बदललेला नियम कथेला कुठे कुठे लागतो. ‘ट्वायलाइट’मध्ये तो चांगलाच लागतो. कातडी चमकते म्हणून एडवर्डच्या कलन या व्हॅम्पायर कुटुंबाला चारचौघांत उन्हात फिरता येत नाही, म्हणून ते वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्ससारख्या कायम ढगाळ, पावसाळी गावात राहतात. ऊन पडलं की कलनांची मुलं शाळेत दिसत नाहीत आणि बेलाची मैत्रीण सहज सांगून जाते, की हवा छान असली की त्यांचे वडील त्यांना डोंगरात फिरायला नेतात. हे वाक्य वाचताना कुणी थांबत नाही. तेराव्या प्रकरणात एडवर्ड पहिल्यांदा उन्हात उभा राहतो, तेव्हा त्याचा अर्थ लागतो. हे टिपलं की खरी टीकाही करता येते : या नियमात व्हॅम्पायरला उघडं पडण्याचा धोका आहे, मरणाचा नाही, त्यामुळे ऊन फारसं भय निर्माण करत नाही. ‘व्हॅम्पायर असे नसतातच’ यापेक्षा हे वाक्य कितीतरी वजनदार आहे.

नियमांची नोंद न ठेवता वाचणं

पॅरानॉर्मल, म्हणजे आपल्याच जगात अमानवी गोष्ट आणणाऱ्या, कादंबऱ्यांची बहुतेक कच्ची परीक्षणं लिहिताना बिघडलेली नसतात. ती वाचतानाच बिघडतात. पुस्तक एका बैठकीत संपतं, चार दिवसांनी लिहायला बसलं की नायकाचे डोळे तेवढे आठवतात आणि शाप नेमका कशाने उतरतो ते आठवत नाही. मग ‘वर्ल्ड-बिल्डिंग (कथेच्या जगाची उभारणी) छान आहे’ असं मोघम वाक्य पडतं.

उपाय सोपा आहे. वहीत किंवा फोनवर पाच रकाने करा : पान क्रमांक, नियम काय, कोणी सांगितला, किंमत कोणाला मोजावी लागते, अपवाद कुठे. प्रत्येक नोंद एका ओळीची. ई-बुक असेल तर पान क्रमांकाऐवजी प्रकरण लिहा, कारण अक्षराचा आकार बदलला की पानं सरकतात.

तिसरा रकाना लोक गाळतात आणि तिथेच फसतात. साठाव्या पानावर एक पात्र म्हणतं, ‘भुताला उंबरा ओलांडता येत नाही’ आणि दोनशे नव्वदाव्या पानावर भूत घरात बसलेलं असतं. घाईतला परीक्षक लिहितो, ‘लेखिकेचा गोंधळ उडाला आहे.’ नोंद पाहिली तर कळतं, की आधीचं वाक्य एका घाबरलेल्या शेजाऱ्याचं होतं, ते त्याचं ऐकीव ज्ञान होतं. नियम निवेदकाने सांगितला, पात्राने सांगितला, जुन्या वहीत सापडला की प्रत्यक्ष घडताना दिसला, यावर त्याचं वजन ठरतं. घडताना दिसलेला नियम कारण न देता मोडला, तरच ती लेखनातली चूक. तरीही पुस्तक मालिकेतलं पहिलं असेल तर ‘या भागात याचं उत्तर मिळत नाही’ इतकंच लिहावं.

चौथा रकाना सगळ्यांत कामाचा. मॅगी स्टीफव्हाटर यांच्या ‘शिव्हर’मध्ये (2009) माणसाचा लांडगा होण्याचा संबंध पौर्णिमेशी नाही, थंडीशी आहे. पारा उतरला की माणूसपण सुटतं. वर्षं जातात तसतसे माणूस म्हणून मिळणारे महिने कमी होत जातात आणि एक वर्ष असं येतं की माणूस परत येतच नाही. नियमाची किंमत अशी सरळ वेळेत मोजलेली आहे. प्रकरणाच्या डोक्यावर निवेदकाच्या नावाबरोबर तापमान छापलेलं असतं. ते सजावट समजून ओलांडलं की कादंबरीतला निम्मा ताण निसटला.

आपल्याकडच्या वाचकाची इथे आणखी एक फसगत होते. ते आकडे फॅरनहाइटमध्ये आहेत. 15 अंश म्हटल्यावर आपल्याला महाबळेश्वरची सुखद थंडी आठवते, पण 15 अंश फॅरनहाइट म्हणजे सेल्सियसमध्ये उणे 9 च्या आसपास. 58 अंश म्हणजे सुमारे 14. आकड्यातून 32 वजा करा, पाचने गुणा, नऊने भागा. हिशेब करून वाचलं की कोणत्या प्रकरणात नायक सॅमचा जीव टांगणीला लागला आहे, ते संवाद सुरू व्हायच्या आधीच कळतं. आणि हो, टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफवरून परीक्षण लिहू नका. ती बेकायदा तर असतेच, शिवाय अशा फायलींत शीर्षकं, तिरपी अक्षरं, प्रकरणांच्या मधल्या ओळी बेधडक गळालेल्या असतात आणि दोष मात्र पुस्तकाच्या माथी बसतो.

भीती वाटली नाही म्हणून नापास करणं

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचून मोठा झालेला वाचक ‘पॅरानॉर्मल’ शब्द पाहून अंगावर काटा यायची वाट बघत बसतो आणि तीनशे पानांनी चिडतो. त्याची चीड समजण्यासारखी आहे, पण फूटपट्टी चुकली आहे. किशोरांसाठीच्या या कादंबऱ्यांत बऱ्याचदा मुख्य धागा प्रेमाचा किंवा मैत्रीचा असतो आणि अमानवी गोष्ट त्या नात्यात अडसर म्हणून येते. पहिली तीन प्रकरणं वाचून एका वाक्यात लिहून ठेवा : हे पुस्तक मला काय देऊ म्हणतंय? दहशत, प्रेम, रहस्य की थट्टा? परीक्षणात त्या कबुलीशी हिशेब करायचा. दहशतीचं वचन देऊन पुस्तक प्रेमात घुटमळत राहिलं, तर ते स्पष्ट लिहावं.

याच गल्लतीचं दुसरं टोक म्हणजे ‘जग पुरेसं रंगवलेलं नाही’ ही तक्रार. संपूर्ण कल्पित जगाच्या कादंबरीला नकाशा, राजवंश, भाषा लागतात. इथे जग आपलंच असतं, शाळा, गाडी, मोबाइल सगळं जागेवर, फक्त एक गोष्ट जास्तीची. त्यामुळे शाळेची हजेरी, आईवडिलांच्या कामाच्या वेळा, गावातलं अंतर या साध्या गोष्टी पटतात का ते तपासा. मुलगी तीन रात्री घराबाहेर असते आणि घरात कुणी विचारत नाही, हा दोष व्हॅम्पायरच्या दातांपेक्षा मोठा.

वयाचा विसर, आणि वयाची सबब

ही पुस्तकं साधारण 12 ते 18 वयासाठी असतात. सतरा वर्षांची नायिका उतावीळ वागते म्हणून चाळिशीतल्या परीक्षकाने वैतागणं व्यर्थ आहे. तिचा उतावीळपणा तिच्या स्वभावाशी जुळतो का आणि त्याचे परिणाम होतात का, एवढं बघावं.

उलट बाजूनेही सवलत नको. ‘मुलांचं पुस्तक आहे, चालायचंच’ हे परीक्षण नव्हे. ‘ट्वायलाइट’मधला एडवर्ड दिसतो सतरा वर्षांचा, पण जन्मलाय 1901 मध्ये. तो बेलाच्या खोलीत तिच्या नकळत रात्री येऊन तिला झोपलेली पाहतो. यावर ‘रोमँटिक’ किंवा ‘किळसवाणं’ असा एक शब्द फेकून मोकळं होऊ नये. तीन गोष्टी लिहा : प्रत्यक्ष काय घडतं, पात्रांपैकी कुणी हरकत घेतं का, आणि निवेदन आपल्याला कोणाच्या बाजूला उभं करतं. बेलाला कळतं तेव्हा ती रागावण्यापेक्षा जास्त सुखावते, कादंबरीही तिच्याच डोळ्यांनी सांगितलेली आहे. मग टीका पात्रावर न राहता निवेदनाच्या भूमिकेवर येते, आणि तिथेच ती यायला हवी.

आशयाची सूचना देताना ‘हिंसा आहे’ एवढ्याने पालकाला किंवा शिक्षकाला काही कळत नाही. प्रकार, तीव्रता आणि व्याप्ती सांगा. उदाहरणार्थ : ‘आत्महत्येचा उल्लेख, तपशिलाशिवाय, एकाच प्रकरणात, रक्ताची वर्णनं अनेक ठिकाणी, सविस्तर.’

लोककथा कुठे संपते ते न तपासणं

‘ट्वायलाइट’ मालिकेत क्विल्यूट जमातीची मुलं लांडगा होऊन व्हॅम्पायरशी लढतात, म्हणून ‘लेखिकेने क्विल्यूट जमातीच्या प्राचीन लांडगामानवांच्या कथा जिवंत केल्या’ अशी वाक्यं सहज लिहिली जातात. क्विल्यूट ही वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावरची खरीखुरी जमात आहे, ला पुश हे त्यांचं खरं गाव. लांडग्याशी नातं सांगणारी उत्पत्तिकथा त्यांच्याकडे आहे, पण व्हॅम्पायरशी लढणारे लांडगे ही मेयर यांची कल्पना. सिएटलच्या बर्क संग्रहालयाने जमातीबरोबर काम करून हा फरक लोकांसमोर मांडला आहे. जिवंत समाजाच्या श्रद्धेबद्दल लिहिताना किमान त्या समाजाने स्वतः काय म्हटलंय ते शोधा.

कधी उलटही होतं. स्टीफव्हाटर यांच्याच ‘द रेव्हन बॉइज’ची (2012) सुरुवात सेंट मार्कच्या आदल्या रात्री होते, म्हणजे 24 एप्रिलला, वर्षभरात मरणाऱ्यांची रूपं चर्चच्या वाटेने चालत जाताना. हा भाग लेखिकेच्या कल्पनाशक्तीचा म्हणून नावाजला जातो, पण त्यामागे इंग्लंडमधली जुनी लोकसमजूत आहे. लेखिकेचं कसब ती व्हर्जिनियातल्या एका गावात आणून बसवण्यात आहे.

देशी तुलना तर जपून. ‘व्हॅम्पायर म्हणजे आपला वेताळच’ लिहिताना कोकण-गोव्यात वेताळाची देवळं आहेत, तो ग्रामदैवत म्हणून पुजला जातो, हे ध्यानात असावं. गोव्यातला देवचार गावाची राखण करतो. मुंज्याची गोष्ट मुंज आणि न झालेल्या लग्नाशी बांधलेली आहे. तुलना करायचीच तर कामाची करा : हा कोणाला धरतो, का धरतो, कशाने सोडतो?

स्पॉयलर किती?

स्पॉयलर म्हणजे वाचायच्या आधीच फुटलेलं कथानक. मलपृष्ठावर छापलंय ते मोकळेपणी सांगा. त्यापलीकडे पहिल्या चतुर्थांशापर्यंतच जा, 320 पानांच्या पुस्तकात साधारण 80 व्या पानापर्यंत. नायिका ब्लूने खऱ्या प्रेमाच्या माणसाचं चुंबन घेतलं तर तो मरेल, हे भाकीत ‘द रेव्हन बॉइज’च्या आरंभीच येतं, ते सांगायला हरकत नाही. पण एखाद्या पुस्तकात कोण माणूस आणि कोण नाही हेच रहस्य असेल, तर ‘नायकाचं खरं रूप कळल्यावर’ हे अर्धं वाक्यसुद्धा घात करतं. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर तेवढा भाग झाकायची सोय आहे, ती वापरा. मथळ्यात मात्र काहीच झाकता येत नाही.

मालिकेतल्या मधल्या पुस्तकाबद्दल लिहिताना आधीच्या भागाचा शेवट फुटतोच, तो पहिल्याच ओळीत सूचना देऊन फोडावा. आणि मधल्या भागाचं काम काय आहे ते पाहावं. ‘ट्वायलाइट’ मालिकेतल्या दुसऱ्या, ‘न्यू मून’मध्ये ऑक्टोबर ते जानेवारी अशी चार पानं जवळजवळ कोरी आहेत, प्रत्येकावर फक्त महिन्याचं नाव. प्रत सदोष आहे असं समजून एक तारा कापण्याआधी हे लक्षात यावं की बेलाचे ते महिने तसेच रिकामे गेले आहेत.

तारे, प्रती, उघड सांगणं

गुडरीड्सवर दोन ताऱ्यांचा अर्थ ‘ठीक’ आणि तीनचा ‘आवडलं’ असा दिलेला आहे. आपल्याकडे तीन तारे म्हणजे जेमतेम पास, म्हणून मजकूर आणि तारे एकमेकांशी भांडतात. आपले तारे काय सांगतात, ते एका ओळीत लिहून टाका.

प्रकाशनपूर्व प्रत ही असंशोधित असते. तिच्यातल्या मुद्रणदोषांवर लिहू नका आणि उद्धृत करायचं वाक्य छापील आवृत्तीशी ताडून पाहा. परीक्षकांना अशा प्रती देणारं संकेतस्थळ नेटगॅली 80 टक्के प्रतिसादाची शिफारस करतं. मिळालेल्या 25 पैकी 20 पुस्तकांवर अभिप्राय दिला की तेवढं जमतं, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात डझनभर प्रती मागू नयेत. उताऱ्यांचं म्हणाल तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा देतं, पण पानंच्या पानं उतरवणं त्यात बसत नाही.

पुस्तक फुकट मिळालं असेल तर तसं सुरुवातीलाच लिहा, हॅशटॅगांच्या ढिगाखाली नको. भारतात जाहिरात मानक परिषदेची 2021 ची मार्गदर्शक तत्त्वं मोफत वस्तूलाही लागू होतात. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव लेखकाच्या नावाशेजारी द्या आणि भाषेचं श्रेय किंवा दोष कोणाचा ते मूळ न वाचता ठरवू नका. नकारात्मक परीक्षणात लेखकाला टॅग करू नका, ते वाचकांसाठी लिहिलेलं आहे.