उशीखाली पोळी सापडली तर

फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे काही काळ सांभाळायला म्हणून दुसऱ्या कुटुंबात, आलेल्या मुलाच्या उशीखाली किंवा दप्तरात पोळी सापडली तर त्याला चोर ठरवू नका. पुढचं जेवण मिळेलच असा भरवसा जिथं नव्हता, तिथून ते आलंय. पोळी लपवणं ही त्याची बेगमी आहे.

आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या घरात मी खालच्या फळीवर एक डबा ठेवलाय. त्यात फुटाणे, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू. (पाचच्या आतलं मूल असेल तर अख्खे दाणे नकोत, घशात अडकतात.) डबा त्याचा, विचारायचं नाही. रिकामा झाला की मी भरून ठेवते, बोलत काही नाही. उशीखालची शिळी पोळी मात्र त्याच्यादेखतच उचलायची आणि लगेच ताजी हातात द्यायची.

जेवणाच्या वेळा चुकवू नका. काय, कधी आणि कुठं बसून खायचं हे आपण ठरवायचं. किती खायचं, खायचं की नाही, हे त्यानं. सुरुवातीला मूल पोटाला तडस लागेपर्यंत खाईल. खाऊ द्या. मूल फारच खंगलेलं असेल तर गोष्ट वेगळी: आधी डॉक्टर. उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं की रक्तातलं फॉस्फेट घसरून जिवावर बेतू शकतं.

आमचा मुलगा पेठ-सुरगाण्याकडचा. नाव सांगत नाही, बाल न्याय अधिनियम 2015 नुसार सांगताही येत नाही. त्याला पोळी नको, नागलीची (नाचणीची) भाकरी हवी. मग आमच्याकडेच नागली आली. 100 ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गव्हापेक्षा कितीतरी जास्त. ओळखीची चव ताटात असली की नवी भाजीही शेजारी खपते. नवी भाजी चमचाभरच वाढायची, आग्रह नाही. मूल ती तोंडात घालायला दहा-पंधरा वेळाही लागतात. बुधवारी गोदाकाठच्या बाजारात त्यालाच एक भाजी निवडू द्या. आमच्याकडे दोडका असाच शिरला.

पालेभाजीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह अडवतो. जंताच्या गोळीचं डॉक्टरांना विचारा.

बक्षीस म्हणून जिलबी नाही, शिक्षा म्हणून उपास तर अजिबातच नाही. "ताट स्वच्छ कर" हेही नको. भूक भागली हे त्याचं त्याला कळू द्या.

सगळ्यात अवघड नातेवाईक. पंगतीत कुणीतरी म्हणतंच, "केवढं खातो गं हा!" मी आधीच फोन करून सांगते: त्याच्या ताटाकडे बघायचं नाही, बोलायचं तर शाळेचं बोला. ज्यांना जमत नाही, त्यांच्याकडे आम्ही जेवायला जात नाही, चहाला जातो.