जुनं घर थंड करायला निघालात? या चुका टाळा

जुनं घर थंड करून घ्यायला मला बोलावणाऱ्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एसी किती टनाचा बसवू?" छप्पर कसलं, भिंती कसल्या, पश्चिमेचं ऊन कुठं लागतं, यातलं काहीच सांगितलेलं नसतं. जुन्या घराचं विजेचं बिल खाली आणायचं तर आधी छप्पर, मग भिंती-खिडक्या, मग पंखे, आणि शेवटी एसी नि सोलर. हा क्रम मी कुणासाठीही बदलत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कौलं काढून पत्रा टाकणं. कौलं परतायला, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवायला, माणसं मिळत नाहीत, माकडं ती फोडतात, ही अडचण खरी आहे. पण कौलांच्या फटींतून वर चढलेली गरम हवा बाहेर पडत असते, हे कुणी लक्षात घेत नाही. चिपळूणकडच्या एका घरात मालकांनी पावसाआधी उरकायचं म्हणून घाईनं रंगीत पत्रा चढवला, माळ्याच्या सागवानी फळ्या विकल्या आणि खाली पीओपीचं सिलिंग केलं. पुढच्या एप्रिलमध्ये दुपारी माजघरात पंखा लावला की वरून नुसती गरम हवा अंगावर यायची. थंडीत पहाटे पत्र्याखाली दव धरून सिलिंगवर पिवळे डाग पडले. मग एसी आले, बिल वाढलं आणि तेव्हा मला बोलावलं. दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींत वर जाळ्या पाडून घेतल्या, सिलिंगवर रॉकवूल (उष्णता अडवणारी, दगडाच्या तंतूंची गादी) अंथरलं. आता एसी रात्रीच लागतो. पण या सगळ्याच्या खर्चात कौलं सहज परतून झाली असती. गळतीची भीतीच असेल तर पत्रा खाली आणि कौलं वर ठेवा, मधे रिपांची (लाकडी पट्ट्यांची) फट सोडा. पाणी पत्रा अडवतो, ऊन कौलं अडवतात.

वर स्लॅब असेल तर गोष्ट वेगळी. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत सोडतो, म्हणून वरच्या मजल्यावर अकरा वाजतासुद्धा गादी गरम लागते. आधी गळती काढा, मग उतार नीट देऊन पांढरा चायना मोझॅक (चकचकीत फरशीच्या तुकड्यांचा थर) करा. नुसता ऊन परतवणारा पांढरा कूल रूफ रंग लावणार असाल तर दर उन्हाळ्याआधी गच्ची घासून धुवा. धूळ बसली की त्याचा उपयोग घटतो. गळका स्लॅब तसाच ठेवून वर सोलरचे स्टँड ठोकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

दुसरी चूक देशावरच्या वाड्यांत पाहतो: माती-चुन्याच्या जाड भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइल पेंट. जोत्यातून चढणारी ओल पूर्वी भिंतीतून सुकून जायची, ती आता आत कोंडते. पोपडे सुटतात, खोली दमट होते, आणि ओली भिंत कोरडीपेक्षा उष्णता लवकर आत आणते. म्हणजे भिंतीची जाडी फुकट गेली. माझा शिरस्ता असा: सिमेंट खरवडून काढायचं, भिंत पूर्ण सुकू द्यायची, मग चुन्याचा गिलावा पातळ थरांत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश कडक होतो, त्याला वेळ लागतोच. "आठ दिवसांत आटपून द्या" म्हणणाऱ्यांचं काम मी घेत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. झरोके बुजवू नका, बारीक जाळी लावा. दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी अर्धीच उघडते, हवा हवी असेल तर बाहेर उघडणारी झडपंच ठेवा. पश्चिमेचं ऊन काचेच्या आतल्या पडद्यानं थांबत नाही, ते बाहेरच चटईनं किंवा छज्ज्यानं अडवा. जुना पंखा साधारण 75 वॅट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 28 ते 35. जुन्या वायरिंगवर एसी जोडू नका. स्वतंत्र लाइन, अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवेतच.

आणि सोलर. घराच्या छतावरच्या सोलरसाठी केंद्र सरकारची जी पीएम सूर्यघर योजना आहे, तिच्यात 3 किलोवॅटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, म्हणून लोक आधी पॅनल बसवतात आणि घर तापतंच राहतं. छप्पर आणि पंख्यांचं काम झाल्यावर एक उन्हाळा जाऊ द्या, त्या उन्हाळ्याची बिलं पुढ्यात घ्या आणि मग किती किलोवॅट लागतात ते ठरवा.