लेकराला स्नोबोर्ड शिकवताय? ‘वाढत्या अंगाचं’ घेऊ नका, आणि या चुकाही टाळा

आमच्या परभणीच्या घरी शाळेचे बूट घेताना अजूनही अंगठ्यापुढे एक बोट जागा राहते का, हे दाबून बघतात. ‘वाढतं अंग आहे, पुढच्या वर्षीही चालले पाहिजेत.’ सदऱ्याच्या बाह्या दुमडायच्या, पँटीला आतून दोन इंच कापड ठेवायचं. शाळेसाठी ही सवय चांगलीच आहे. पण तीच सवय घेऊन मी नऊ वर्षांच्या लेकीला स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पाय बांधून बर्फाच्या उतारावरून घसरायची फळी, शिकवायला गुलमर्गला नेलं आणि पहिले दोन दिवस तिचे हाल केले.

भाड्याच्या दुकानात बूट एक नंबर मोठे मिळाले. मी म्हणाले, असू द्या, दोन मोजे घालू. उतारावर ती टाचेवर जोर द्यायची, टाच बुटातल्या बुटात वर उचलली जायची, आणि बोर्ड सरळ खाली पळायचा. “मम्मी, हा बोर्ड माझं ऐकायलाच नाही,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली. मला वाटलं, पोरगी घाबरायली. तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या दादांनी तिच्या बुटात बोट घालून बघितलं, तेव्हा खरं कारण कळलं.

बूट: सगळ्यात मोठी चूक इथेच होते

स्नोबोर्डला ब्रेक नसतो. बोर्डच्या दोन्ही कडांना पोलादी धार असते. ती बर्फात रोवली की बोर्ड थांबतो, वळतो. धार रोवायची ती टाचेने नाहीतर चवड्याने. बूट सैल असेल तर लेकराचा जोर बुटातच जिरतो, धारेपर्यंत पोचतच नाही.

म्हणून माप घरूनच न्या. भिंतीला कागद टेकवून ठेवा, लेकराला मोजा घालून, टाच भिंतीला लावून, त्या पायावर भार देऊन उभं करा. सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा आणि सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पाय मोजा, थोडा फरक असतोच. बर्फातल्या बुटांवर हाच सेंटिमीटरचा आकडा छापलेला असतो (21, 21.5, 22 असा). आपल्या चपलेच्या नंबरावर जाऊ नका.

बूट घातल्यावर आधी टाच जमिनीवर दोनदा ठोकायला सांगा, म्हणजे पाय मागे नीट बसतो. मगच नाडी आवळा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकेच टेकली पाहिजेत, गुडघे वाकवल्यावर थोडी मागे आली पाहिजेत. गुडघे वाकवून पुढे झुकल्यावर टाच उचलली जात असेल तर तो बूट परत करा, दुकानदार काहीही म्हणो. मोजा एकच, लोकरीचा किंवा सिंथेटिक, बुटाच्या वर येणारा, सुरकुती न पडलेला. दोन मोज्यांनी ऊब वाढत नाही, पाय दाबला जाऊन रक्त नीट फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गार पडतात.

बोर्ड

लांबी ठरवताना उंचीपेक्षा वजनाला जास्त मान द्या. माझी लेक तेव्हा 130 सेंटिमीटर उंच आणि 26 किलोची होती. तिला 110 च्या आसपासचा, हनुवटीपर्यंत येणारा मऊ बोर्ड बरोबर होता. शिकाऊ लेकराला आखूड बोर्ड वळवायला सोपा जातो. रुंदीही बघा. बूट घालून बोर्डवर आडवं उभं केल्यावर बुटाची टोकं दोन्ही कडांच्या खूप आत राहत असतील, तर तो मोठ्या माणसाचा बोर्ड आहे. त्यावर छोट्या पायाचा जोर कडेपर्यंत जात नाही.

बायंडिंग, म्हणजे बूट बोर्डला जखडणारे पट्टे, आधीच्या गिऱ्हाइकाच्या कोनात तसेच सोडलेले असतात. दोन्ही पाय एकाच दिशेला वळलेले दिसले तर दुरुस्त करून मागा. पुढचा पाय साधारण 15 अंश पुढे आणि मागचा तेवढाच मागे वळलेला, बदकासारखा, ही शिकणाऱ्यासाठी सोयीची बैठक. दोन पायांतलं अंतर खांद्याच्या रुंदीइतकं.

कोणता पाय पुढे ठेवायचा, हे दुकानात ठरवू नका. घरी शहाबादी फरशीवर लेकराला मोजे घालून पळत येऊन घसरू द्या, काही न सांगता. चार-पाच वेळा बघा. जो पाय आपोआप पुढे जातो, तोच पुढचा. डावा असेल तर ‘रेग्युलर’, उजवा असेल तर ‘गूफी’. आमची गूफी निघाली, आणि पहिला बोर्ड तिला उलटा बांधून मिळाला होता.

कपडे

परभणीचा पारा डिसेंबरात कधीकधी 5-6 अंशांवर उतरतो, त्यामुळे थंडी आपल्याला नवी नाही असं वाटतं. पण आपली थंडी कोरडी असते. स्नोबोर्ड शिकणारं लेकरू दिवसातला निम्मा वेळ बर्फात बसलेलं असतं. जीन्स, सुती बनियन, विणलेले हातमोजे तासाभरात भिजतात आणि मग काहीच उपयोगाचे राहत नाहीत. गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गला भाड्याने मिळणारे लांब कोट आणि गमबूट फोटोपुरते ठीक, बोर्डसाठी नाहीत. आतून सिंथेटिक किंवा लोकरी थर, मग फ्लीसचं (मऊ, उबदार सिंथेटिक कापडाचं) जॅकेट, वरून पाणी न शिरणारी पँट आणि जॅकेट. हातमोजे चार बोटं एकत्र असणारे, पाणी न शिरणारे घ्या.

हेल्मेट बर्फातलंच हवं, सायकलचं किंवा क्रिकेटचं नको. त्याच्या आत माकडटोपी घालू नका, हेल्मेट सैल बसतं. गॉगल टाळूच नका. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणं साधारण 10 टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली 80 टक्क्यांपर्यंत किरणं परत फेकतो. गुलमर्गचं मैदानच 2,650 मीटरवर आहे. बोर्ड न्यायची गरज नाही, पण हेल्मेट, गॉगल, मोजे, हातमोजे घरून न्या. सचखंड एक्सप्रेसने अमृतसरपर्यंत जाताना बॅगेत ते सहज मावतं.

पडायला घरीच शिकवा

नवशिक्यांची सगळ्यात जास्त दुखापत मनगटाची होते, कारण पडताना हात आपसूक पुढे जातो. आम्ही गच्चीवर आजीच्या तीन गोधड्या एकावर एक अंथरल्या. पुढे पडताना मुठी बंद, कोपरापासूनच्या हातांवर. मागे पडताना खाली बसत जायचं, हनुवटी छातीला, हात छातीशी, ढुंगणावर टेकून पाठीवर लोळायचं. पंधरा दिवस रोज दहा वेळा. शिवाय मनगटाचे गार्ड घातलेच पाहिजेत.

शिकवताना

हात धरून ओढू नका. हात धरला की लेकरू कमरेत वाकतं, भार मागच्या पायावर जातो, बोर्ड पळतो. आधार द्यायचाच तर कमरेला, नाहीतर पाठीवर धरायला पट्टा असलेल्या जॅकेटला. आणि तुम्हाला स्वतःला येत नसेल तर शिकवणीचे पैसे वाचवू नका.

एका वेळी एकच सूचना. मी खालून ओरडायचे, गुडघे वाकव, पुढे बघ, हात खाली! तिला काहीच कळायचं नाही. दादा एवढंच म्हणाले, “बेटा, बोर्ड को मत देखो, मेरी टोपी को देखो.” मान वर आली आणि पोरगी सरळ झाली.

क्रम मोडू नका. आधी सपाटीवर एक पाय बांधून ढकलत चालणं, मग दोन्ही पाय बांधून टाचेच्या धारेवर आडवं घसरत खाली येणं, मग तेच चवड्याच्या धारेवर, मग झाडाचं पान पडतं तसं डावी-उजवीकडे, आणि वळण त्यानंतर. 1965 साली अमेरिकेत शेरमन पॉपेन यांनी दोन स्की (बर्फावर घसरायला पायाला बांधतात त्या लांब पट्ट्या) एकत्र बांधून आपल्या मुलींसाठी खेळणं बनवलं, पुढे त्यातूनच हा खेळ आला. त्या खेळण्याच्या टोकाला धरायला दोरी बांधायची पद्धत पडली होती. लहान लेकराला सपाटीवर तसंच बोर्डला दोरी बांधून ओढा, तोल आपोआप जमतो.

गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्यावर अफरवट डोंगरावर शिकाऊ लेकराला बोर्ड घेऊन नेऊ नका. तिथले उतार मोकळे आहेत, हिमस्खलनाचा धोका आहे. आणि 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, ज्यांना तिथे चिल्लई कलान म्हणतात, ते सगळ्यात कडक थंडीचे. शाळेचे चार दिवस बुडाले तरी फेब्रुवारी बरा.

अडलं तर

सारखं फटकन तोंडावर किंवा पाठीवर आपटतंय: आडवं घसरताना बोर्ड सपाट पडतो आणि उताराकडची धार बर्फात अडकते. उताराकडची कड किंचित उचलून धरायला शिकवा.

बोर्ड पुढे पळतोय: भीतीने भार मागे गेलाय. पुढच्या गुडघ्यावर हात ठेवून उतरायला सांगा.

पाय बधिर होतायत: घोट्यावरचा पट्टा एक खाच सैल करा, मोज्याची घडी काढा.

गॉगलवर वाफ धरतेय: गॉगल कपाळावर चढवू नका, आतून पुसू नका.

सकाळी बर्फ काचेसारखा कडक लागतो: दहा-अकरापर्यंत थांबा.

पाय सोडवल्यावर बोर्ड एकटाच खाली निघून जातो: तो नेहमी पालथा, पट्टे बर्फात रुतवून ठेवा. सुटलेला बोर्ड खालच्या दुसऱ्या लेकराला लागतो.

आणि डोकं आपटलं असेल, हेल्मेट असतानाही, तर त्या दिवसापुरता बोर्ड बंद. डोकं दुखतंय का, मळमळतंय का, झोप येतेय का, तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतंय का, हे पुढचे एक-दोन दिवस बघा. यातलं एकही लक्षण दिसलं तर लगेच डॉक्टरकडे न्या. उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टचं तिकीट वाया गेलं तर जाऊ द्या.